किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात जागा घेताय? टोकन देण्याआधी झोन, सीआरझेड आणि सातबारा असा तपासा

मालवण, वेंगुर्ला, मुरुड, श्रीवर्धन, अलिबाग, गुहागर, अशा समुद्राकाठच्या छोट्या शहरात घर बांधायला नाहीतर होमस्टे टाकायला जागा शोधणारे लोक मला भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "प्लॉट येलो झोनमध्ये, म्हणजे रहिवासी विभागात आहे, मग आता काही टेन्शन नाही ना?" एजंटने मोबाईलवर डीपीचा, म्हणजे शहराच्या विकास योजनेच्या नकाशाचा फोटो दाखवलेला असतो, त्यात प्लॉटवर बोट ठेवून पिवळा रंग दाखवलेला असतो, आणि लोक तिथेच टोकन द्यायला तयार होतात. प्लीज असं करू नका. कोकणात समुद्राजवळच्या एकाच जमिनीवर तीन-चार वेगवेगळे नकाशे लागू असतात, ते वेगवेगळ्या ऑफिसात मिळतात, आणि एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा हो म्हणेलच असं नाही.

आमच्या नात्यातल्या एकांनी खाडीलगत साडेसहा गुंठे घेतले. झोन दाखला रहिवासी, एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर होती, रस्ता होता, सगळं व्यवस्थित वाटत होतं. खरेदीखत झाल्यावर आर्किटेक्टने सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा वर ठेवून बघितला तेव्हा कळलं की मागच्या बाजूला कांदळवन आहे आणि त्याचा बफर, म्हणजे भोवती मोकळा सोडायचा पट्टा, धरला तर अर्ध्याहून जास्त प्लॉट बांधकामाला बाद. उरलेल्या तुकड्यात मार्जिन, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडल्यावर घर बसेना. त्यांनी आयुष्यभराची शिल्लक त्यात घातली होती आणि आज तिथे फक्त माड उभे आहेत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, तुम्ही नवीन असाल तर याच क्रमाने जा.

पहिलं काम: जागा नक्की कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

हे ऐकायला सोपं वाटतं पण इथेच लोक फसतात. पत्ता शहराचा सांगतात, पिनकोड शहराचा असतो, पण जमीन शेजारच्या ग्रामपंचायतीत असते. उलटही होतं, अगदी माडाच्या वाड्या आणि भातशेती दिसते म्हणून गाव वाटतं आणि प्रत्यक्षात ती नगरपरिषदेची हद्द असते. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर तिथे विकास योजना म्हणजे डीपी लागू असतो आणि परवानगी तिथेच मिळते. हद्दीबाहेर असेल तर प्रादेशिक योजना, म्हणजे आरपी बघायची. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची मिळून प्रादेशिक योजना आहे, अलिबागच्या आसपासचा भाग मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेत येतो. दोन्हीचा पाया एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात.

तर विकणाऱ्याकडून गावाचं महसुली नाव, सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, हिस्सा नंबर आणि असेल तर सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या. "बीचपासून तिसरा प्लॉट" यावर कुठल्याही ऑफिसात काहीच मिळत नाही.

दुसरं: सातबारा नीट वाचा, नुसता डाउनलोड करून ठेवू नका

सातबारा महाभूमीच्या साइटवर मिळतो, डिजिटल सही असलेला घ्या. शहराच्या जुन्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं, ते भूमी अभिलेखचं. आता यात काय बघायचं.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते सगळ्यात आधी. वर्ग २ म्हणजे जमिनीवर सरकारच्या अटी आहेत, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग "इतर हक्क" हा रकाना. तिथे कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, रस्त्याचा किंवा विहिरीचा हक्क असं बरंच काही लपलेलं असतं. कोकणात कुळाचा प्रश्न अजून जिवंत आहे, कूळ आहे म्हटलं की वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे सरकू नका.

दुसरी खास कोकणातली गोष्ट म्हणजे नावं. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काहीजण वारलेले आणि वारस नोंद नाही. विकणारा म्हणतो माझा हिस्सा अमुक गुंठे, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आतला सगळा माझा. पण कागदावर फाळणी झालेली नसेल तर तो अविभक्त हिस्सा विकतोय, म्हणजे तुम्ही जमिनीचा तो विशिष्ट तुकडा विकत घेत नाही आहात, तुम्ही त्या सगळ्या नातेवाईकांबरोबर भागीदार होत आहात, आणि बांधकाम परवानगीला सगळ्यांच्या सह्या लागणार. यातून सुटायला वर्षं जातात.

शेतजमीन असेल तर अजून दोन कायदे आडवे येतात. १९४८ च्या कूळ कायद्यातलं कलम ६३, त्यानुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, डीपीत बिगरशेती वापराला दाखवलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे पण तुमची त्यात बसते का ते वकिलाकडून लेखी घ्या. आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा, त्यात २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. एजंट शेतीतले दोन-दोन गुंठे पाडून विकत असेल, कुठलाही मंजूर लेआउट नसेल, तर तिथून सरळ उठा. नोटरी करून देतो, साठेखत करून देतो, नंतर नावावर होईल, या वाक्यावर एक रुपया देऊ नका.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून काढा आणि जुने फेरफार बघा, त्यात जमीन कशी कशी हातातून गेली ते कळतं.

तिसरं: झोन दाखला आणि भाग नकाशा, दोन्ही

नगरपरिषदेत नगररचना विभागात अर्ज करायचा, सोबत चालू सातबारा आणि भूमी अभिलेखचा नकाशा, थोडी फी असते. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर जिल्ह्याच्या सहायक संचालक नगररचना यांच्या ऑफिसात जावं लागतं, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसला. अर्जात स्पष्ट लिहा की "झोन दाखला व भाग नकाशा मिळावा". बरेच लोक फक्त दाखला घेतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण दाखल्यावर एका ओळीत "रहिवास विभाग" लिहिलेलं असतं आणि तुमच्या गट नंबरचा पाव हिस्सा शेती विभागात आहे, एका कोपऱ्यातून डीपी रोड जातोय, मागे बागेचं आरक्षण आहे, हे सगळं नकाशात दिसतं. मोठ्या गट नंबरमधला एक तुकडा घेताय तर हे अजून महत्त्वाचं, कारण दाखला अख्ख्या गटाचा असतो.

नकाशात रंग असतात, रहिवासी साधारण पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळट, सार्वजनिक-निमसार्वजनिक तांबडा, मोकळ्या जागा हिरव्या. पण रंगावरून अंदाज बांधू नका, त्या नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचा, आणि मोबाईलच्या फोटोवर तर अजिबात नाही. फोटोत हिरवट पिवळा आणि पिवळा सारखेच दिसतात.

झोनचा अर्थ काय होतो ते थोडक्यात. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, मुंबई शहर आणि काही अपवाद सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे, त्यामुळे आता छोट्या शहरांचेही नियम बहुतांशी तेच. रहिवासी विभागात घर, अपार्टमेंट, घरातला दवाखाना किंवा ऑफिस, छोटे क्लास हे चालतं. मोठं हॉटेल, मंगल कार्यालय, दुकानांची रांग हे चालेल की नाही ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ही गोष्ट नवीन माणसाला माहीतच नसते. आपल्याकडच्या शहरात जुने रस्ते म्हणजे दोन गडग्यांमधली पाणंद, गाडी कशीबशी जाते, मग तिथे रहिवासी झोन असूनही हॉटेलची परवानगी मिळत नाही, आणि रस्ता रुंद करायचा डीपीत प्रस्ताव असेल तर तुमच्या पुढच्या भागातली जमीन त्यात जाणार हे धरून चाला.

डीपीत जुन्या बाजारपेठेभोवती "दाट वस्ती" म्हणून एक हद्द आखलेली असते. तिच्या आत एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं ते) आणि मार्जिनचे नियम वेगळे, बाहेर वेगळे. समोरासमोरच्या दोन घरांना वेगळे नियम लागलेले मी पाहिलेत, कारण ती रेषा मधल्या रस्त्यातून जात होती.

शेती विभागात काहीच होत नाही असं नाही, फार्महाऊस होतं, पण त्याला किमान ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर जागा लागते. पाच गुंठ्यांत "फार्महाऊस प्लॉट" विकणाऱ्या जाहिराती दिसतात तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा.

आता आरक्षण. शाळा, बाग, पार्किंग, मच्छीमार्केट, जेटीकडे जाणारा रस्ता, असं काहीही असू शकतं. आरक्षण असलेली जमीन स्वस्तात मिळते आणि विकणारा सांगतो, "अहो नगरपरिषदेकडे पैसे कुठे आहेत घ्यायला, आपोआप जाईल". आपोआप काही जात नाही. कायद्यात कलम १२७ आहे, डीपी लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतलेली नसेल तर मालकाने नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलं सुरू झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत म्हणजे रद्द होतं. म्हणजे आधी दहा वर्षं, मग नोटीस, मग दोन वर्षं, आणि पुष्कळदा त्यानंतर कोर्ट. एवढा दम असेल तरच त्यात पडा.

डीपीचं वयही विचारा. वीस वर्षांतून एकदा तरी त्याचं पुनरावलोकन करायचं असं कायदा म्हणतो. सुधारित डीपीचं काम चालू असेल तर आजचा पिवळा प्लॉट उद्याच्या प्रारूपात वेगळा दिसू शकतो, म्हणून "सुधारित योजनेचा इरादा जाहीर झालाय का" हे तिथल्याच टेबलवर विचारून घ्या, सांगतात.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सीआरझेड

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण शहरातून येणाऱ्या माणसाला बाकी सगळं कुठेतरी ऐकलेलं असतं, हे नसतं.

सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ला काढली, मग २०११ ला नवीन आली, मग १८ जानेवारी २०१९ ची. २०१९ ची अधिसूचना वापरायची तर तिच्याप्रमाणे केलेला किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर असावा लागतो, नाहीतर २०११ चे नियम चालू राहतात, म्हणून नकाशा मागताना तो कुठल्या अधिसूचनेखालचा मंजूर नकाशा आहे हे विचाराच.

समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन यात येते. खाडीच्या बाजूला २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी ते होतं, २०१९ मध्ये १०० चं ५० झालं. लोक समुद्राकडे बघून अंतर मोजतात आणि खाडी विसरतात. भरतीचं पाणी नदीत, ओढ्यात किती आतपर्यंत शिरतं ते खारटपणावर ठरवतात, उन्हाळ्यात म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्यात हजारी ५ भाग क्षार मिळतो तिथपर्यंत ती खाडीच. त्यामुळे समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत, जिथे तुम्हाला साधा व्हाळ म्हणजे ओढा दिसतो, तिथेही सीआरझेड असू शकतं.

आणि भरतीरेषा म्हणजे तुम्ही गेलात त्या दिवशी पुळणीवर दिसलेली ओली रेघ नव्हे. उधाणाच्या भरतीला पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं ती रेषा, आणि ती सरकारने नेमलेल्या संस्थेने नकाशावर आखलेली असते. टेप घेऊन बीचवर मोजून "५१० मीटर आहे, आपण सुटलो" असं म्हणण्याला काही अर्थ नाही.

यात वर्ग आहेत. सीआरझेड १ मध्ये कांदळवन, वाळूच्या टेकड्या, प्रवाळ, कासवं अंडी घालतात ती जागा, असं नाजूक सगळं येतं, आणि भरती-ओहोटीमधला पट्टाही. इथे घर विसरा. कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा बफर पण धरतात, जमीन खाजगी असली तरी. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड राज्यभर बंद केली. मालक म्हणाला "ती चिपीची झुडपं आहेत, पावसाळ्याआधी साफ करून देतो", तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

सीआरझेड २ म्हणजे शहराचा आधीच बांधलेला भाग, जिथे निम्म्याहून जास्त प्लॉटवर बांधकाम झालंय आणि रस्ते, पाणी, गटार अशा सोयी आहेत. इथे बांधकाम होतं, पण एक अट कायम लक्षात ठेवा, जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला. म्हणजे किनारा रस्त्याच्या एका बाजूचा प्लॉट चालेल आणि समोरचा, पाण्याकडचा, चालणार नाही. भाव मात्र समोरच्याचाच जास्त सांगतात कारण व्ह्यू आहे!

सीआरझेड ३ म्हणजे उरलेला, तुरळक वस्तीचा भाग. हा फक्त खेड्यात असतो असं समजू नका, नगरपरिषदेच्या हद्दीत पण कडेच्या वाड्या यात येऊ शकतात, आणि मग डीपीत पिवळा रंग असूनही अडकता. २०१९ प्रमाणे याचे दोन भाग. २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तर ३-अ, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना विकास क्षेत्र. बाकी ठिकाणी ३-ब, तिथे २०० मीटर. ना विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती, पुनर्बांधणी होते, तीसुद्धा आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रात. नवीन बंगला होत नाही.

सीआरझेड ४ पाण्याचा भाग, तुमचा संबंध येणार नाही.

परवानगी कोण देणार? स्वतः राहण्यासाठीचं घर असेल आणि एकूण बांधकाम ३०० चौरस मीटरपर्यंत असेल तर २०१९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणच सीआरझेडचे नियम तपासून परवानगी देऊ शकतं. त्यापुढे किंवा व्यावसायिक असेल तर प्रस्ताव महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मुंबईला जातो आणि वेळ लागतो, कर्जाचा हप्ता सुरू करायच्या आधी हा वेळ धरा.

मग करायचं काय, तर मोठा मंजूर नकाशा १:२५००० चा असतो, त्यात तुमचा प्लॉट टाचणीच्या टोकाएवढा. सर्व्हे नंबर दिसतील असे नकाशे १:४००० चे असतात, ते मागा. प्लॉट रेषेच्या जवळपास असेल, तर अधिकृत संस्थेकडून तुमचा सर्व्हे नंबर टाकून भरतीरेषा आणि सीआरझेडची रेषा दाखवणारा नकाशा करून घ्यावा लागतो. खर्च होतो. पण हा खर्च खरेदीच्या आधी करा आणि साठेखतात अट घाला की सीआरझेडमुळे बांधकाम होत नसेल तर टोकन परत. जो विकणारा ही अट मान्य करत नाही त्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच माहीत असतं.

सीआरझेडमध्ये बोअर मारण्यावरही बंधनं आहेत, आणि नियम बाजूला ठेवला तरी किनाऱ्याजवळ जास्त उपसा केला की विहिरीत खारं पाणी शिरतं, ते तुमच्याच नाही तर शेजारच्या चार घरांच्या विहिरीत. पाणी कुठून येणार हा प्रश्न जागा बघतानाच विचारा.

पाचवं: बाकीच्या रेषा

समुद्रकिनाऱ्यावर किल्ले आहेत. सिंधुदुर्ग, कुलाबा, जंजिरा ही संरक्षित स्मारकं. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊन, २०१० पासून हे कायद्यातच आहे. गावातलं एखादं जुनं मंदिर किंवा लेणंही संरक्षित असू शकतं.

नदीकाठी असाल तर पूररेषा बघा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालच्या मध्ये अटींवर. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, या रेषांना कागदी कटकट समजू नका. डहाणूकडे जाणार असाल तर तो तालुका १९९१ पासूनच पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे, तिथले नियम वेगळेच. महामार्गालगत असेल तर इमारत रेषेचं अंतर बांधकाम खात्याकडून घ्या.

सहावं: मोजणी

भूमी अभिलेखकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज, आता ऑनलाइन होतो. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, लगतच्या लोकांना नोटीस जाते, ते येतात, बोला त्यांच्याशी, चहा घ्या, उद्याचे तुमचे शेजारी आहेत ते. मोजणीनंतर "क प्रत" मिळते, तीच पुढे परवानगीला लागते. कोकणात जुना गडगा एका ठिकाणी आणि कागदावरची हद्द दुसऱ्या ठिकाणी असं सर्रास असतं, आणि रस्ता तर हमखास तपासा. पायवाट, पाखाडी, वहिवाटीचा रस्ता नकाशात आहे का? नसेल तर खरेदीखतात शेजाऱ्याच्या संमतीने लिहून घ्या. "सगळे इथूनच जातात" हे परवानगीच्या फाईलला लावता येत नाही.

सातवं: एनए आणि परवानगी

अजून बरेच लोक एनएसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे खेपा घालतात. जमीन महसूल संहितेत २०१४ ला कलम ४२-अ आलं, त्यानंतर डीपीत ज्या वापराला जमीन दाखवलीय त्याच वापरासाठी वर्ग १ च्या जमिनीला वेगळी एनए परवानगी लागत नाही. वर्ग २ ला सरकारची परवानगी आणि नजराणा वगैरे आहेच. गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींनाही पुढे ४२-ड मध्ये सवलत आली. पण उलटी चूक करू नका, सातबाऱ्यावर एनए लिहिलंय म्हणून सीआरझेड किंवा आरक्षण सुटत नाही.

नकाशे परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर ऑनलाइन टाकतो. आर्किटेक्ट स्थानिक घ्या, ज्याने त्याच शहरात गेल्या दोन-चार वर्षांत सीआरझेडच्या फायली पास केल्यात, बाहेरचा कितीही नावाजलेला असला तरी त्याला इथल्या रेषा माहीत नसतात. परवानगी सुरुवातीला एक वर्षाची असते, काम सुरू झालं नाही तर मुदत वाढवून घ्यावी लागते. जोतं झालं की जोते तपासणी करून घ्या, त्यानंतरच वर चढा, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी. मंजूर नकाशात नसलेली एक खोली, एक पत्र्याची शेड वाढवली की भोगवटा अडकतो.

होमस्टेवाल्यांसाठी वेगळं

सीआरझेड ३ मध्ये स्थानिक लोकांना, त्यात मच्छीमारही आले, आपल्या राहत्या घरात होमस्टे करायला २०१९ च्या अधिसूचनेत वाट ठेवलीय, पण जोत्याचं क्षेत्र, घराचं डिझाइन आणि दर्शनी भाग न बदलता. ही सवलत तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांसाठी आहे आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. बाहेरून आलेल्याने जुनं घर घेऊन तीन मजली लॉज करायचा आणि त्याला होमस्टे म्हणायचं, यात शेजारच्या कोळीवाड्याचं पाणी, पार्किंग, जाळी सुकवायची जागा सगळं जातं, आणि तक्रार झाली की बांधकामही जातं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली म्हणून झोन बदलत नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या. बीचवरच्या तात्पुरत्या पर्यटन सुविधांनासुद्धा भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडायचे आहेत.

एक गोष्ट जी मला वारंवार ऐकू येते, "अहो घरपट्टी लागलीय, लाईटचं मीटर आहे, म्हणजे अधिकृतच की". नाही. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. जुनं घर किंवा चालू रिसॉर्ट विकत घेत असाल तर बांधकाम परवानगीचा आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा हे तीन कागद मागा, आणि नकाशा हातात घेऊन घरातून फिरा, खोल्या मोजा. एमआरटीपीखाली अनधिकृत बांधकामावर नोटीस निघते ती त्यावेळच्या मालकाला, आणि तोपर्यंत मालक तुम्ही झालेले असता.

ऑफिसात जाताना सगळं लेखी द्या, पोच घ्या, उत्तर लेखी मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, साध्या अर्जावर मिळतं खूप काही. तोंडी "होईल हो" कुणीही म्हणालं तरी ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला तेच कागदावर मागा.

आणि जागा घेऊन झाली, घर उभं राहिलं, तरी सुधारित डीपीचं प्रारूप जाहीर झालं की जाऊन बघा. नोटीस राजपत्रात आणि स्थानिक पेपरात येते, हरकत द्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते आणि ती थोडी असते. मुंबईत राहणारे बरेच जण ही मुदत चुकवतात आणि वर्षभराने कळतं की दारातून रस्ता आखलाय. तिथल्या एखाद्या शेजाऱ्याला, दुकानदाराला सांगून ठेवा की नगरपरिषदेच्या बोर्डावर असं काही लागलं तर फोन कर.